मोठ्या आईचं दुसरं मत

मोठे बाबा आणि मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि वहिनी, रायपूरच्या भनपुरी भागात राहतात. दोघांनीही पंच्याऐंशी ओलांडलेली, म्हणून गेल्या लोकसभेला निवडणुकीचे कर्मचारी मत घ्यायला घरीच आले. मी मदतीला गेले होते.

अधिकारी बाईंनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा मांडला आणि मोठ्या आईसमोर मतपत्रिका ठेवली. तिने ती उलटून पाहिली.

"और दूसरा?"

"दूसरा क्या, दादी?"

"दूसरा वोट. हमको दो मिलते थे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारीचं आता असंच चालायचं, असा तो चेहरा. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, तेव्हा मलाच बोलणं भाग होतं. पहिल्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार जायचे, त्यातली एक जागा राखीव असायची आणि मतदाराला मतंही दोन असायची. तेव्हा छत्तीसगड वेगळं नव्हतं, आमचे खासदार दिल्लीत मध्य प्रदेशाच्या गर्दीत बसायचे. पुढे राज्य झालं, अकरा जागा आपल्या म्हणून मिळाल्या. दुसरं मत मात्र त्याच्या कितीतरी आधीच गेलं होतं.

"हव, मले मालूम आहे," मोठी आई म्हणाली. "विचारून पाहिलं. दिलं असतं तर घेतलं असतं."

मग ती रंगात आली. लग्न होऊन नागपूरकडून रायपूरला नवीनच आली होती, तेव्हाची गोष्ट. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. तिने मोठ्या बाबांकडे बोट दाखवलं. "एक कागद यायनं सांगितलेल्या पेटीत टाकला, दुसरा माह्या मनच्या. घरात भांडण नाही."

"मग एकच मत राहिलं तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा यायचं कापलं."

खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या मोठ्या बाबांनी डोळे उघडले. दर मतदानानंतर ते तिला "दिलं ना बरोबर?" विचारायचे आणि ती "हव" म्हणायची. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो.

"म्हणजे इतकी वर्षं तू..."

"तुम्ही विचारत होते, बरोबर दिलं का. मी बरोबरच दिलं."

सोबतचा शिपाई भिंतीकडे तोंड करून हसला. मोठे बाबा खुर्चीत सरळ बसले. खरंच दुखावले की काय, असं मला वाटलं.

"माहे उमेदवार काहून पडत होते," ते म्हणाले, "ते आत्ता समजलं."

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी आडोसा स्वतःच सरकवला, थेट मोठ्या आईच्या बाजूला. "इकडून धोका आहे," त्यांनी बाईंना बजावलं. मग मतपत्रिकेवर जवळजवळ आडवे होऊन खूण केली. मोठी आई चहा ठेवायला उठली आणि मुद्दाम त्यांच्या मागून गेली.

माणसं गेल्यावर मोठ्या बाबांनी कप हातात घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज कोणाले दिलं?"

"बिस्किट घ्या," मोठी आई म्हणाली.