तिसरं पिंप

आमच्या चाळीच्या जिन्याखाली चार पिंपं आली, तेव्हा त्यांतलं तिसरं आमच्या मुळावर येणार हे मला त्याच दिवशी कळलं होतं. बाकीचे लोक मासळीची खवलं हिरव्या पिंपात टाकायची की वर्तमानपत्रासकट निळ्यात, यावर वाद घालत होते. मी लाल झाकणाकडे बघत उभी होते.

नियम साऱ्या देशासाठी आला होता. कचऱ्याचे चार भाग घरातच करायचे. ओला हिरव्यात, सुका निळ्यात, बल्ब, बॅटऱ्या आणि जुनी औषधं काळ्यात. आणि तिसऱ्या, लाल झाकणाच्या पिंपात पॅड आणि डायपर. ते कागदात गुंडाळायचे आणि वर लाल खूण करायची, म्हणजे उचलणारी माणसं ते हाताने सोडून बघणार नाहीत. हे समजावायला पालिकेच्या एक बाई डिलाईल रोडवरच्या चाळीचाळींतून फिरत होत्या. "तुमच्या घरातली घाण दुसऱ्या बाईने का म्हणून चिवडायची?" असं त्यांनी आमच्या चौकात उभं राहून विचारलं आणि मला ते पटलं. नियम चांगलाच होता. वाईट असता तर कुणाला तरी मनसोक्त शिव्या घालून मोकळी झाले असते.

घरात आम्ही तिघं. बाबा, आई आणि मी, त्यांची चोपन्न वर्षांची बिनलग्नाची मुलगी, दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून. बाबांना दोन वर्षांपासून लघवी धरवत नव्हती. ते दिवसरात्र डायपर घालत आणि ही गोष्ट आमच्या दहा बाय बाराच्या खोलीबाहेर गेलेली नव्हती. चाळीत असली गोष्ट लपवणं म्हणजे काय ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल. संडास मजल्याच्या टोकाला, कोण किती वेळा गेलं हे सगळ्यांना पाठ. म्हणून बाबा रोज सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहत, गरज असो वा नसो आत जात, बादली ओतत आणि परत येत. मग इस्त्रीचा सदरा, लेंगा, आणि गॅलरीत खुर्ची टाकून पेपर.

आयुष्यभर त्यांनी या मजल्याचा संडास राखला होता. गिरणीत कापडाचे साचे चालवून पाळीवरून आले तरी आधी तिकडे एक नजर टाकायचे. पाणी न ओतता बाहेर पडणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नाही, मग तो पाहुणा का असेना. चाळ त्यांना पाठीमागे मुकादम म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. अशा माणसाला डॉक्टरांनी डायपर सांगितला तेव्हा त्यांनी देवाच्या फळीसमोर माझा हात धरला. "कोणाक कळाक नको हां," म्हणाले. मी शब्द दिला. हसत दिला, कारण तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं.

सोपं होतंही. आई डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायची, मी ते काळ्या पिशवीत घालून पर्समधून न्यायची आणि पुलाखालच्या कचराकुंडीत टाकून पुढे कामाला जायची. नवा नियम आला आणि त्या कुंड्याच गेल्या. एका सकाळी पाहते तर कुंडीच्या जागी झाडांच्या कुंड्या आणि रंगवलेली भिंत. मी पिशवी घेऊन तिथे उभी, आणि एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "बघा, किती छान केलंय!" मी हो म्हणाले.

जिन्याखालच्या तिसऱ्या पिंपात टाकायचं तर आमचं बिंग लगेच फुटलं असतं. आई अठ्ठ्याहत्तरची, मी चोपन्नची. आमच्या घरातून त्या पिंपात काय येणार, हा हिशोब चाळीतल्या बायकांनी एका मिनिटात केला असता. शिवाय कोण कुठल्या पिंपात काय टाकतं ते बघायला कमिटीने वर कॅमेरा लावला होता. मग मी दारोदार फिरल्यासारखी जागा शोधत फिरू लागले. शाळेतली टोपली चालणार नव्हती, तिथेही चार डबे आले होते आणि शिपाईमावशी फार चौकस. एकदा संध्याकाळी मी बाबांच्या गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या मॉलमध्ये शिरले. दारात पर्स मशीनमधून जाते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रखवालदाराने पुडकं बाहेर काढायला लावलं. मी हळूच सांगितलं काय आहे ते. तो बिचारा एक पाऊल मागे सरला. "मॅडम, बाहर का कचरा इधर नहीं डालने का." माझ्या मागे रांग होती. ज्या जागेवर बाबांनी चोवीस वर्षं घाम गाळला, तिथे त्यांचा एक डायपर टाकायची सोय नव्हती. मी ते पुडकं परत पर्समध्ये घातलं आणि चालत घरी आले.

त्या दिवशी ते पुडकं सकाळपासून माझ्याजवळ होतं. डब्याच्या पोळीलासुद्धा वास येतोय असं मला वाटत होतं. घरी आले आणि सगळा राग आईवर काढला. पुडकं तिच्यासमोर आपटलं. "उद्यापासून मी हे नेणार नाही."

"मग काय करू?" आई म्हणाली.

"काय करू काय? नियम आहे ना! कर लाल खूण आणि टाक पिंपात!"

मी हे चिडून बोलले होते. आईला वाटलं, मी खरंच तसं करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मला शाळेत थांबावं लागलं. आईने दुपारचं पुडकं नीट बांधलं. चिकटपट्टी संपली होती म्हणून दोऱ्याचे वेढे घेऊन गाठ मारली. मग लाल खूण. घरात लाल पेन नव्हतं. देवाच्या फळीवर कुंकवाचा करंडा होता. तिने कुंकू तेलात भिजवलं आणि अनामिकेने पुडक्यावर ठिपका दिला. एक दिसेल न दिसेल, म्हणून चारी कोपऱ्यांना एकेक दिला. दिवेलागणीला ती भिंतीला धरत एक मजला उतरली. पिंपाचं झाकण तिच्या संधिवाताच्या हातांना उचलेना. तिने पुडकं पिंपापाशी जमिनीवर ठेवलं, सवयीने त्या जागेला नमस्कारासारखा हात केला आणि वर आली. हे सगळं कॅमेऱ्यात आलं होतं. आणि ती अमावास्या होती, हे आमच्यापैकी कुणी कॅलेंडरात पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी चौकातल्या गलक्याने मला जाग आली. कचरा उचलणारी बाई पिंपापासून चार हात लांब उभी होती. "मी नाय हात लावणार," ती म्हणत होती. "माझी पण पोरं आहेत." गुंडाळलेलं, दोऱ्याने बांधलेलं, पाच ठिकाणी कुंकू लावलेलं पुडकं, अमावास्येच्या संध्याकाळी जिन्याखाली ठेवलेलं. आमची सगळी चाळ कोकणातली. तिथे कुणालाच विचारावं लागलं नाही की हे काय आहे. उतारा. कुणीतरी कुणावर तरी करणी केली होती.

शेजारच्या काकूंच्या सुनेला सातवा महिना चालू होता आणि शनिवारी तिच्या पोटात दुखलं होतं. काकूंचा आणि आईचा पन्नास वर्षांचा शेजार. भिंतीला भिंत लागून, वाटीला वाटी. कमिटीच्या माणसाने मोबाईलवर कॅमेऱ्यातलं चित्र लावलं आणि काकूंना दाखवलं. त्यात आई होती. नमस्कार करताना तर अगदी स्पष्ट.

"वहिनी," काकू खालून ओरडल्या, "माझ्या सुनेने तुमचं काय वाकडं केलं होतं? सांगा ना!"

आई खाली गेली. मी तिच्या मागे. सगळी चाळ चौकात आणि गॅलऱ्यांत जमली होती. आमच्या दारासमोर, पहिल्या मजल्यावर, बाबा त्यांच्या खुर्चीत बसले होते.

"मियाच ठेवलंय," आई म्हणाली. "पण वायट काय नाय त्यात. देवाशपथ."

"मग आहे काय?"

 आईने एकदा वर गॅलरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"गप्प बसतेय बघा," कुणीतरी म्हणालं. "पूर्वीपासून हिला असलं काय काय येतं." जिने अर्ध्या चाळीच्या बाळंतिणींना आंघोळी घातल्या, तिच्याबद्दल हे.  काकू पुढे आल्या. "वाईट नाही ना? मग सोडून दाखवा. सगळ्यांसमोर."

आता मी जे सांगणार आहे ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी माझ्याकडे उपाय होता. मी एवढंच म्हणायचं होतं, "माझं आहे ते." बायकांनी भुवया उंचावल्या असत्या, या वयात अजून म्हणून दोघी हसल्या असत्या, डॉक्टरला दाखव म्हणाल्या असत्या. संपलं असतं. आईवरचा आळ गेला असता आणि बाबांचं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. पण चौकात पुरुष उभे होते, कमिटीवाले होते, मोबाईल धरलेले हात होते. मला लाज वाटली. दुसरं काही नाही, नुसती लाज.

आई खाली वाकली. तिच्या बोटांना ती गाठ सुटेना. ती रडत नव्हती, नुसती गाठीशी झटत होती.

"सोडू नको ता!"

बाबा खुर्चीतून उठले होते. गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. गिरणीच्या सवयीचा आवाज, साच्यांच्या खडखडाटावरून पलीकडे पोचणारा.

"माझा आसा ता. माका लघवी धरवणा नाय. दोन वर्सां झाली. तिच्यावर कोणी आळ घेव नकात."

 पहिली हलली ती कचरा उचलणारी बाई. ती आली, आईच्या हातातून पुडकं घेतलं आणि आपल्या डब्यात टाकलं. "एवढंच होतं? मग आधी सांगायचं ना, आई," म्हणाली आणि पुढच्या चाळीकडे गेली. ती असली पुडकी रोज उचलत होती.

त्यानंतर चाळ चांगली वागली. तेच फार जड गेलं. कमिटीचा माणूस वर येऊन म्हणाला, "काका, त्यात काय एवढं, वय झालं." काकूंनी आईचे हात धरून माफी मागितली आणि पुरणपोळ्या पाठवल्या. सोमवारी बाबा बादली घेऊन रांगेत गेले तर सगळे बाजूला झाले. "काका, तुम्ही आधी जा, तुम्हाला घाई असेल." बाबा भरलेली बादली घेऊन परत आले. ती मोरीत ओतली. त्यानंतर ते रांगेत गेले नाहीत आणि गॅलरीतही बसले नाहीत. खुर्ची आम्ही आत घेतली.

मग त्यांनी पाणी कमी केलं. आधी आमच्या लक्षात आलं नाही. चहा अर्धा कप, जेवताना घोटभर, आमटी नको, ताक नको. संध्याकाळी मी पुडकं खाली न्यायला निघाले की विचारायचे, "आज एकच मां?" मी एकच म्हणाले की त्यांना बरं वाटायचं. मलाही बरं वाटायचं, आणि हे मी स्वतःला माफ करू शकत नाही. आई पेला घेऊन पाठीमागे लागायची. "पिवा वो थोडा." ते तोंड फिरवायचे. मी एकदा त्यांच्यावर ओरडले, एकदा पाया पडले, एकदा त्यांच्यासमोर बसून रडले. ते म्हणाले, "तहानच लागणा नाय."

पावसाळा संपता संपता त्यांना ताप भरला आणि ते बरळू लागले. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने केसपेपरवरून मान वर न करता विचारलं, "पाणी पीत नव्हते का?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. चौथ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतरची दुपार होती, सगळी चाळ पंख्याखाली झोपलेली. शेजारच्या काकू आल्या, दार लोटून घेतलं आणि आईजवळ जमिनीवर बसल्या. बराच वेळ नातवाबद्दल बोलल्या, बाळ छान आहे म्हणाल्या. मग आवाज अगदी खाली आणला.

"वहिनी, ते... दादांचे उरलेत का? आमच्या ह्यांना आता... कोणाला सांगू नका हां."

आई उठली. कॉटखालच्या ट्रंकेतून तिने एक अख्खं पाकीट काढलं आणि एक अर्धं. मग माझ्या पर्समधून लाल पेन घेऊन ते वर ठेवलं.

"ह्येनान खूण कर," ती म्हणाली. "कुंकू लावू नको."

काकूंनी सगळं पदराखाली घेतलं. त्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा आईने त्यांना हाक मारली.

"आणि पाणी दी तेंका. नको म्हणतले. तरी दी."

काकूंनी मान डोलावली, बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं आणि गेल्या.