माझ्या मापाचे शर्ट

गेल्या १७ फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बेचाळीस छाती, साडेसोळा कॉलर आणि चोवीस बाही अशा मापाचा एक पांढरा सुती शर्ट माझ्या आईच्या शवपेटीत, तिच्या उजव्या हाताखाली ठेवून पुरण्यात आला. शर्ट नवा होता आणि आईने तो स्वतः शिवलेला होता. ते माप माझे आहे, मी हयात आहे, आणि पेटीचे झाकण बसण्यापूर्वी मी सर्वांसमक्ष हरकत घेतली होती. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुमचं दुःख मी समजू शकतो," असे म्हटले. ते दुःख नव्हते, ती हरकत होती. तिची नोंद कुठेही झाली नाही, म्हणून ती आपल्या मंडळीच्या या मासिकात करीत आहे.

हरकतीचे कारण कळण्यासाठी माझी आई कोण होती हे सांगणे भाग आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तिला केवळ पहिल्या बाकावरची, मान किंचित वाकडी करून ऐकणारी म्हातारी म्हणून पाहिले असेल.

आई शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षे कामाला होती. तिथे तिच्या वाट्याला फक्त कॉलर आली. डावीकडची बाई बाह्या जोडी, उजवीकडची काजे करी, आणि मधे बसून आई बक्रमचे ताठ कापड घालून कॉलरी उलटवी, दिवसाला दीडशे. अख्खा शर्ट तिच्या हातून तिथे एकदाही झाला नाही. इतक्या कॉलरी शिवल्यावर बाईला जगात आधी माना दिसू लागतात. रस्त्यात कुणी भेटले की ती अगोदर गळा बघे आणि मग चेहरा. "पंधराची मान," ती माझ्या कानाशी पुटपुटे, "आणि घातलीय सोळाची. घरात कुणाचं लक्ष नाही याच्याकडे." वडील टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करीत, फार कमी बोलत, आणि मी शाळेत असतानाच वारले. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

आम्ही जुळे होतो. मी वीस मिनिटे आधी आलो म्हणून थोरला, तो धाकटा. घरात हीच नावे रूढ झाली. सहाव्या वर्षी आम्हा दोघांना एकाच आठवड्यात घटसर्प झाला. मी अंथरुणातून उठलो. तो उठला नाही. पुढच्या जानेवारीत, आमच्या सातव्या वाढदिवसाच्या आधी, आईने मला मशीनजवळ उभे करून माझे माप घेतले आणि तीन संध्याकाळी बसून एक शर्ट शिवला. वाढदिवशी सकाळी मी तो घालायला हात पुढे केले.

"तुझा नाही," आई म्हणाली. "धाकट्याचा आहे."

"त्याला तर पुरलंय."

"झोपलाय तो. उठेल तेव्हा उघडा येईल का चारचौघांत?"

"पण तो लहान आहे अजून. हा त्याला मोठा होईल."

"पोरं झोपेतच वाढतात," असे म्हणून तिने शर्टाची घडी घातली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. माझा हात तिथवर पोहोचत नव्हता.

मृतांच्या पुनरुत्थानावर आपण सगळेच विश्वास ठेवतो. दर रविवारी उभे राहून तसे म्हणतो, आणि घरी जाऊन जेवतो. आईचा विश्वास कारखान्यातल्या बाईचा होता. माल तयार हवा, तारीख मालक कळवील. माझाही विश्वास आहे. हे मुद्दाम नमूद करतो, कारण तो नसता तर ही तक्रारच उद्भवली नसती. जो उठणार नाही त्याचा हेवा कोण करील? धाकटा अंगापिंडाने उठणार आहे, आईकडे चालत येणार आहे. म्हणून मी त्याचा हेवा करतो.

तर, दर जानेवारीला एक शर्ट. आई अख्खा शर्ट वर्षातून एकदाच शिवी, आणि तो त्याचा असे. नवा फळीवर चढला की गेल्या वर्षीचा उतरे आणि आपल्या मंडळीच्या कपड्यांच्या कपाटात, गरजूंसाठी, पोहोचे. मी दुकानातले शर्ट घालून शाळेत गेलो, दुकानातले शर्ट घालून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, आणि दुकानातल्याच शर्टात पाणीपुरवठा खात्याच्या अभिलेख विभागात रुजू झालो. माझ्या लग्नाचा शर्टसुद्धा दुकानातला होता. आईने त्याचे दुसरे बटण घट्ट करून दिले, इतकेच.

माझे लग्न झाल्यावर माप घेण्याचा हा प्रसंग बायकोसमोर घडू लागला. चाळिशीनंतर तो अधिकच अवघड झाला.

"पोट आत घे," आई म्हणे.

"आत घेतलं तर माप चुकेल."

"चुकेल कसं? त्याचं सुटलं नसतं."

"माझं सुटलंय आणि त्याचं सुटलं नसतं? जुळे आहोत आम्ही."

"तो पळायचा सारखा. तू लहानपणापासून बसकाच."

"आई, दोन बोटं ढील ठेवा," बायको स्वयंपाकघरातून म्हणे. "पळणारी माणसंसुद्धा चाळिशीत बसतात." या विनोदावर दोघी हसत. मी हात पसरून उभा असे.

चौतिसाव्या वर्षी मी माप द्यायला नकार दिला होता. आई म्हणाली, "बरं." इतके सहज म्हणाली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी एक फाईल घरी विसरली म्हणून मी परत आलो, तर आईच्या खोलीत, माझ्या जागी, वरच्या मजल्यावरचा बस कंडक्टर बनियनवर हात पसरून उभा होता.

"मावशी, गुदगुल्या होतात."

"हलू नकोस. बघ रे थोरल्या, खांदे कसे सरळ आहेत याचे. तुझा उजवा उतरतो."

"कुणासाठी चाललंय हे, मावशी?"

"माझ्या धाकट्यासाठी. तुझ्याच अंगाचा असेल तो आता."

तो माणूस भला होता. पण त्याने माझ्या भावाचे अंग व्हावे हे मला क्षणभरही सहन झाले नाही. मी त्याला तुझा शर्ट घाल आणि वर जा असे सांगितले, स्वतःचा शर्ट काढला आणि हात पसरले. आईने टेप माझ्या छातीभोवती फिरवली. ज्याचा मी हेवा करीत होतो त्याच्या जागी उभे राहण्याचा हक्कदेखील मला दुसऱ्याला द्यायचा नव्हता, असा त्याचा अर्थ होतो. तो अर्थ मला मान्य आहे.

यानंतर मी पाळकसाहेबांकडे रीतसर गाऱ्हाणे नेले. ते एका रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे आले, चहा प्यायले आणि विषयाला हात घातला.

"मावशी, त्या दिवशी आपलं शरीर गौरवी असेल. शिवलेल्या कपड्यांची गरज पडेल असं मला वाटत नाही."

"प्रभू उठला तेव्हा कबरेत काय राहिलं होतं?" आईने विचारले.

"तागाची वस्त्रं."

"सगळी?"

"सगळी. डोक्याचा रुमालसुद्धा, वेगळा गुंडाळून ठेवलेला."

"मग अंगावर काय होतं?"

पाळकसाहेबांनी कप बशीत ठेवला.

"कबरेबाहेर बागेत त्याला बघून त्या बाईला वाटलं, माळी आहे," आई पुढे म्हणाली. "उघड्या माणसाला कुणी माळी समजत नाही. म्हणजे अंगावर माळ्यासारखं काहीतरी होतं. ते कुणी शिवलं?"

"तसं काही लिहिलेलं नाही, मावशी."

"शिवणारीचं कोण लिहून ठेवतं? तुमच्या झग्याची मागची तुरपाई सुटलीय. रविवारी सगळ्यांना दिसते. पाठवून द्या उद्या."

पुढच्या रविवारी त्यांनी याच प्रश्नावर प्रवचन केले. प्रवचन चांगले झाले, झग्याची तुरपाईही चांगली झाली. माझ्या गाऱ्हाण्याचा त्यात उल्लेख नव्हता. तेव्हापासून आई पहिल्या बाकावर बसू लागली.

एकोणपन्नासाव्या वर्षी मी तो शर्ट घातला. बायको आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. फळी आता माझ्या हाताला लागत होती. मी दार लावून शर्ट चढवला आणि आरशासमोर उभा राहिलो. मला आजवर एकही कपडा असा बसला नव्हता. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली होती, आणि उजवीकडे आईने पाव इंच कमी घेतले होते, कारण माझा उजवा उतरतो. धाकट्याचा उतरण्याचे काही कारण नव्हते. मी ती शिवण बोटाने पुन्हा पुन्हा चाचपत असताना त्या दोघी परत आल्या.

आईला तेव्हा आकार तेवढे दिसत. ती दारात थांबली. पांढऱ्या शर्टातला पुरुष तिला दिसला असावा. एक क्षण मला वाटले, आता ती त्याचे नाव घेईल. आणि खरे सांगायचे तर मला ते हवेही होते आणि नकोही होते. ती जवळ आली, दोन बोटे कॉलरच्या आत घातली.

"काढ. मळेल."

"मला एक शिव."

"दुकानात मिळतात की तुला."

"दुकानातला नको."

"तुला काय कमी आहे रे? रोज तुझ्या ताटात वाढते, तुझं दुखलंखुपलं बघते. त्याला वर्षातून एक गोष्ट देते."

"तीही माझ्या अंगावर मापून."

"मग कुणाच्या मापू? तो कंडक्टर आता बदली होऊन गेला."

बायको म्हणाली, "अहो, मेलेल्या भावाशी भांडणारे तुम्ही पहिलेच." तिला एवढेच सांगायचे राहिले, की तो मेला आहे असे या घरात कुणीच मानत नव्हते. माझी सगळी अडचण तीच होती.

यंदाचा शर्ट तिने जवळजवळ आंधळेपणाने शिवला. बायको सकाळी वीस सुया दोरा ओवून उशीत टोचून ठेवी. मशीन आई स्पर्शाने चालवी, काजे हाताने करी. नऊ जानेवारीला शेवटचे बटण लागले. मी शेजारी बसलो होतो.

"पुढच्या वर्षी माझा," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी मी नाही."

"मग माझा कधी?"

तिने विचार केला. "तिकडे शिवून देईन. तिकडे वेळ असेल."

"तिकडे मशीन कुठून आणणार?"

"हातानं शिवीन. घाई काय आहे?"

"आणि माप?"

"तुझं माप मला पाठ आहे."

"तोवर मी काय घालू?"

"तोवर दुकानातलाच घाल. पण साडेसोळा माग. सोळाचा घेतोस आणि दिवसभर मान वळवत बसतोस."

या उत्तरावर कुणाचेही डोळे भरून आले असते. बायकोचे आले. मी मात्र त्या दिवसाचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहिले. आई उठेल, तिच्या हाताखाली तो शर्ट असेल. धाकटा समोर येईल. ती त्याला शर्ट चढवील, एकेक बटण लावील, दोन पावले मागे सरकून बघेल, पुन्हा पुढे होऊन कॉलर सारखी करील. आणि मी बाजूला, दुकानातल्या शर्टात, माझी पाळी येण्याची वाट बघत उभा असेन. अनंतकाळात कुणाला थांबावे लागत नाही, असे पाळकसाहेब सांगतात. त्यांना जुळा भाऊ नाही.

पाच आठवड्यांनी आई झोपेत गेली. शर्ट पेटीत ठेवण्याचे तिने मला सांगितले नव्हते, बायकोला सांगितले होते. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तो नसणे योग्यच होते. मी तो ठेवला नसता. दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन साडेसोळाचा शर्ट मागितला. मान मोकळी झाली. राग गेला नाही.

आता वाचकांकडे येतो. आईने एकूण शेहेचाळीस शर्ट शिवले. एक तिच्यापाशी आहे. उरलेले पंचेचाळीस आपल्या मंडळीच्या कपाटातून या गावातल्या पुरुषांच्या आणि मुलांच्या अंगावर गेले. म्हणजे आज या गावात माझ्या आईने माझ्या अंगावर मापून शिवलेला शर्ट घालणारे लोक आहेत, आणि त्यांत मी नाही. ओळखण्याची खूण अशी: शर्ट पांढरा, आत कोणतेही लेबल नाही, काजे हाताने केलेली, कॉलरच्या आतल्या कडेला दुहेरी टीप, आणि मोठ्या मापाच्या शर्टांत उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच कमी. चौकशी करायची झाल्यास आपापल्या घरातली जुनी ट्रंक आणि फरशी पुसायची फडकी आधी पाहावीत.

त्यांतला एक मला हवा आहे. तो मी वापरणार नाही. माझ्या पेटीत माझ्या अंगावर घालायचा आहे, आणि बायकोने तसे करण्याचे कबूल केले आहे. तो फाटका, पिवळा पडलेला किंवा मला न होणारा असला तरी हरकत नाही. अंगाचा प्रश्न त्या दिवशी सुटणारच आहे. ज्याच्याकडे असेल त्याने तो धुऊन, कोणत्याही दिवशी दहा ते पाच या वेळेत, मंडळीच्या कार्यालयात आणून द्यावा. त्याबद्दल मी दुकानातला नवा शर्ट देईन, हवा त्या मापाचा. आईचा परत करा.