पासपोर्टवरचं कुंकू

आईला अंकोरवाट बघायचं होतं. विष्णूचं एवढं मोठं देऊळ परदेशात आहे हे तिने टीव्हीवर ऐकलं आणि गुडघे चालतायत तोवर मला ने, असा लकडाच लावला. मी व्हिएतनाम-कंबोडियाचं जाडजूड छापील गाइडबुक आणलं. फोनवर सगळं मिळतं, मान्य. पण ऐन वेळी मान टाकणाऱ्या फोनचा मला दांडगा अनुभव आहे.

निघण्याआधी आईने आमच्या पिंपळगावात रेणुकादेवीपुढे ते पुस्तक ठेवलं, हळदकुंकू लावून आणलं. आमच्याकडे नवा ट्रॅक्टरसुद्धा त्याशिवाय शेतात जात नाही. मुंबई विमानतळावर माझा पांढरा कुर्ता लाल झाला, तेव्हा मी वैतागून मुखपृष्ठ पुसून टाकलं. आईने फक्त कुंकवाचा करंडा पिशवीत नीट ठेवला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

हो ची मिन्ह सिटीत पुस्तक उपयोगी पडलं. ‘चाय’ अशी पाटी म्हणजे शाकाहारी खानावळ, हे त्यातच कळलं. टोफूची भाजी आणि भात आईने घरच्या शेंगदाण्याच्या चटणीसोबत खाल्ला. खोल्यांची भाडी मात्र पुस्तकात दिलीत त्याच्या दुप्पट धरून चला.

तिथून कंबोडियाला सकाळची बस. सीमेवर सगळे उतरतात, आपापला पासपोर्ट दाखवतात. व्हिएतनामच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने माझा उघडला आणि त्याचा चेहराच बदलला. फोटोच्या पानावर लालभडक डाग! मला वाटलं, रक्त. त्याने आईचा उघडला. तिथेही तेच.

“आई, हे काय?”

“कुंकू हाये. सकाळी तू न्हायला गेल्तीस तवा लावलं,” आई शांतपणे म्हणाली. “भायेरचं तू पुसून टाकतीस. मंग म्या आतून लावलं.”

“अगं, पासपोर्टला?”

“मंग? देवाला चाललो न्हाई का आपण?”

मी अक्षरशः ओरडले. अधिकाऱ्याने आम्हाला बाजूला उभं केलं. पासपोर्ट खराब, पुढे जाता येणार नाही, एवढं त्याचं इंग्रजी मला कळलं. बसवाला हॉर्न वाजवत होता. आईचा चेहरा आता उतरला. “माझ्यापायी देऊळ ऱ्हायलं का गं?” तिने विचारलं आणि मला रडूच फुटलं.

मग तिने माझ्या काखेतलं गाइडबुक ओढलं, अंकोरवाटचं चित्र उघडून अधिकाऱ्यापुढे धरलं. चित्रावरही तसंच कुंकू! तिने चित्राला हात जोडले, मग पासपोर्टला. त्याने डागावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, साहेबांना बोलावलं. पासपोर्ट यंत्रात घातले. यंत्राला लागणाऱ्या फोटोखालच्या छापील ओळी कुंकवातून वाचल्या होत्या, म्हणून आम्हीही वाचलो. पलीकडे कंबोडियाच्या खिडकीशी पुन्हा तेच चित्र, तेच हात जोडणं. घरी जाऊन बदलून घ्या, असं दोन्हीकडे बजावलं.

अंकोरवाटच्या दारातच आठ हातांचा विष्णू उभा आहे, भगवं वस्त्र नेसलेला, पुढे उदबत्त्या. आई बराच वेळ हलली नाही. सीमा ओलांडताच मी तिचा करंडा माझ्या पर्समध्ये कोंबून ठेवला होता. तिने मागितला नाही, ते मला फार लागलं.

परवा नवे पासपोर्ट आले. आई करंडा घेऊन दारात उभी राहिली, पण आत येईना.

“लांबूनच बघते,” म्हणाली.

मी पासपोर्ट कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं.

“मुखपृष्ठावर लाव,” मी म्हणाले. “पुसत नाही.”