अकराव्या वहीतली कोरी पानं

"दुसरा लॉट करू नका, मॅडम. काम थांबवायचंय," अनघा तुळसकर फोनवर म्हणाल्या.

मी ऑर्डर रद्द करायचा फॉर्म पुढे ओढला. आमच्या ऑफिसात प्रत्येक गोष्टीचा फॉर्म आहे आणि त्यातले बरेचसे मीच बनवलेत. नाव, ऑर्डर नंबर, तारीख लिहून झाली. चौथा रकाना कारणाचा.

"कारण काय लिहू?"

"बाबा पुस्तक सोडतायत. प्रकाशकांनाही नाही म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं, डोकं आता चालत नाही. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय पुढच्या बुधवारची."

असलं कारण रकान्यात बसत नाही. मी पेन खाली ठेवलं.

आमची कंपनी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. आम्ही कागद स्कॅन करतो, म्हणजे पानांचे फोटो काढून त्यांच्या कॉम्प्युटर फाइल बनवतो. गिऱ्हाइकं म्हणजे ऑफिसं, हॉस्पिटलं, हाउसिंग सोसायट्या. मी तिथे प्रॉडक्शन बघते. चार महिन्यांपूर्वी प्राध्यापक तुळसकरांच्या वह्या आल्या, तेव्हा असं काम आम्ही पहिल्यांदाच घेतलं होतं.

तुळसकर सर मुलुंड पूर्वेला राहतात, वय एक्क्याऐंशी. वडील गिरणीत विणकर. शेजारच्या मागावर काम करणारे एक चाचा रविवारी घरी यायचे. त्यांनी या मुलाला उर्दू अक्षरं शिकवली. त्यातून पुढे फारसी आली, कॉलेजची नोकरी आली आणि सूफी कवितेचा अभ्यास आला, तो साठ वर्षं चालू आहे. सूफी म्हणजे इस्लाममधले भक्तिमार्गी, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं होतं. सरांना ते सांगितलं तेव्हा म्हणाले, "सुरुवात करायला चालेल."

एकूण तीस वह्या. प्रत्येक वहीत डाव्या पानावर एक फारसी द्विपदी, म्हणजे दोन ओळींची कविता, आणि समोर उजव्या पानावर तिचा मराठी अर्थ. अक्षर बारीक. सरांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झालाय, समोर बघितलं की मधलं पुसट दिसतं. म्हणून मुलीने टेबलावर दोन मोठे स्क्रीन लावून दिले. डावीकडच्यावर द्विपदी, उजवीकडच्यावर अर्थ, एकेक पान स्क्रीनभर. त्यासाठी आम्ही प्रत्येक वहीच्या दोन फाइल केल्या, डाव्या पानांची एक, उजव्या पानांची एक. दोन्हींत तोच नंबर टाकायचा की जोडी समोर. यावरून निवड करून सर पुस्तक लिहिणार होते. पहिल्या बारा वह्या स्कॅन झाल्या आणि ठरल्याप्रमाणे आमच्याच ऑफिसातून पुण्याच्या एका ग्रंथालयाला देणगी म्हणून गेल्या.

"डोकं चालत नाही म्हणजे नेमकं काय होतंय?" मी विचारलं. हे विचारायचा मला तसा हक्क नव्हता.

"त्यांना स्वतःचाच अर्थ जुळेना. म्हणजे बघा, अकरावी वही, नंबर त्रेचाळीस. द्विपदी आहे दोर न घेता विहिरीवर गेलेल्या माणसाची. समोर मराठीत आरसा पुसण्याबद्दल काहीतरी. बाबा म्हणतात, ही द्विपदी मला कधी कळलीच नव्हती, हिच्यासमोर मी पान कोरं सोडलं होतं. पण पान कोरं नाहीये ना. अक्षर त्यांचंच आहे. आधी म्हणाले, तरुणपणी मी बेअक्कल होतो. मग म्हणायला लागले, आता झालोय."

"अशी कोरी पानं बरीच सोडली होती का त्यांनी?"

"त्यांना वाटतं, बरीच. आम्ही शोधली. एकही सापडलं नाही. तेव्हापासून ते टेबलाशी बसतच नाहीत."

मी फॉर्म तसाच ठेवला. "अर्ध्या तासात फोन करते," म्हटलं.

आवक रजिस्टर काढलं. वही क्रमांक अकरा, पानं दोनशे. म्हणजे डावी शंभर, उजवी शंभर. तयार फाइल उघडल्या. डावीत शंभर पानं होती. उजवीत एक्क्याऐंशी.

एकोणीस पानं कुठे गेली हे मला शोधावं लागलं नाही. ती मीच काढायला सांगितली होती. ऑफिसांचे कागद बहुधा एकाच बाजूने छापलेले असतात, पाठी कोऱ्या. त्या फाइलमध्ये नकोत म्हणून आमच्या सॉफ्टवेअरला एक सेटिंग आहे, कोरं पान दिसलं की काढून टाक. वह्या स्कॅन करताना आमची रेश्मा, पंधरा वर्षं मशीनवर काढलेली बाई, माझ्या टेबलाशी येऊन विचारून गेली होती, "मॅडम, कोरी पानं ठेवायची?" मी दुसऱ्या फोनवर होते. हातानेच सांगितलं, काढ.

काय झालं ते असं समजा. वर्गात शंभर मुलं. एका कागदावर त्यांची नावं, दुसऱ्यावर मार्क. जी मुलं गैरहजर त्यांच्या ओळी फक्त मार्कांच्या कागदावरून काढून टाकल्या, तर पहिल्या गैरहजर मुलापासून पुढे प्रत्येकाला दुसऱ्याचे मार्क. वहीच्या सुरुवातीला कोरी पानं कमी, त्यामुळे आधी जुळत होतं. नंतर बिघडत गेलं. आणि माणूस विचार करतो की बिघडलोय तो मीच.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. नितीन माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, मला ताई म्हणतो.

"ताई, ही चूक नाही, सेटिंग आहे," तो सगळं ऐकून म्हणाला. "नवीन फाइल पाठवा. मेलमध्ये लिहा, सुधारित आवृत्ती. विषय संपला."

"सुधारित म्हटलं की ते म्हणणार, सुधारून दिलं म्हणून आता जुळतंय. आधी का जुळत नव्हतं ते त्यांना कळायला हवं."

"आणि उद्या ते म्हणाले, मानसिक त्रास दिला, तर?"

"दिलाच आहे की."

"अहो पण तुम्ही स्वतः जाऊन सांगणार? वाट लावाल यार कंपनीची."

"माणूस मेंदूच्या डॉक्टरांकडे चाललाय, नितीन. आपल्या सेटिंगमुळे."

तो पेपरवेट फिरवत बसला. मग म्हणाला, "मूळ फोटो आहेत ना आपल्याकडे?"

मूळ फोटो, म्हणजे मशीनने काढलेले, सॉफ्टवेअरने हात लावायच्या आधीचे. ते आम्ही सहा महिने ठेवतो. होते.

"मग जा. लिहून मात्र काही देऊ नका."

रेश्माने तासाभरात बाराही वह्यांचे मूळ फोटो माझ्या लॅपटॉपवर घातले. मी तिला सांगितलं की चूक माझी होती. "मला माहितीये," ती म्हणाली आणि मशीनकडे वळली.

अनघाताईंना फोन करून मी रिक्षाने मुलुंडला गेले. त्या घाटकोपरच्या बँकेतून अर्धा दिवस रजा टाकून आल्या होत्या. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, टेबलाकडे पाठ करून. दोन्ही स्क्रीन बंद, वर टॉवेल टाकलेले.

"बसा, सुनीताबाई. वह्या संपल्या आमच्या. आता तुम्ही काय स्कॅन करणार, मला?"

मी बसले नाही. यादी करून आणली होती, पाच मुद्दे. पहिलाच वाचला. "सर, तुमच्या वह्यांतली कोरी पानं आमच्याकडून काढली गेली. सांगणारी मी होते. म्हणून अर्थ पुढे सरकले."

अनघाताई म्हणाल्या, "म्हणजे कोरी पानं होती?"

"अकराव्या वहीत एकोणीस."

सर वळले. "थांबा. उघडू नका अजून." त्यांनी डोळे मिटले. "विहिरीची द्विपदी. समोर पान कोरं. पण अगदी कोरं नाही. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलचे ठिपके असतील. सात."

हे मला माहीत नव्हतं. मूळ फोटो मी मोजले होते, बघितले नव्हते. लॅपटॉपवर त्रेचाळिसावं उजवं पान उघडलं. पांढरं. खालचा कोपरा मोठा केला. अनघाताईंनी बोट लावून मोजले.

"सात, बाबा."

"सातच ना?"

"सातच."

अनघाताई पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

ठिपक्यांचं सरांनी सांगितलं. एखादी द्विपदी कळली नाही की ते समोरचं पान सोडायचे. दोन-चार वर्षांनी परत तिच्याकडे यायचे. तरीही कळली नाही तर एक ठिपका. विहिरीच्या द्विपदीकडे ते सात वेळा आले होते. माणूस दोर न घेता विहिरीवर जातो आणि परत येतो तेव्हा त्याची तहान गेलेली असते. पाणी कुठून प्यायला, हे कवी सांगत नाही.

"सूफींच्या वाटेवर हैरत नावाचा एक मुक्काम आहे," ते म्हणाले. "चकित होणं म्हणा. न कळणं म्हणा. तिथे पोचायला जन्म जातो. तुम्ही माझी हैरत काढून टाकलीत, सुनीताबाई."

"सॉफ्टवेअरला ते ठिपके धूळ वाटले, सर."

"सॉफ्टवेअरला काय वाटलं ते सोडा. मला तीन आठवडे स्वतःची भीती वाटत होती." आवाज चढला नव्हता, पण मी मान खाली घातली. "एक फोन करायचात. एका वाक्यात सांगितलं असतं."

"हो, सर."

माझ्या यादीतले उरलेले चार मुद्दे आता वाचण्यात अर्थ नव्हता. चौथा होता आम्ही बाराही वह्या पुन्हा करून देऊ हा. तेवढा सांगितला.

"परवापर्यंत होईल?" त्यांनी विचारलं. "प्रकाशकांना मला परत फोन करायचाय. आणि अनघा, ते टॉवेल काढ गं."

निघताना दारात म्हणाले, "एक कबूल करतो. दोन ठिकाणी तुमचा चुकीचा अर्थ माझ्यापेक्षा बरा होता."

पहिल्या बारा वह्यांच्या फाइल दोन दिवसांत गेल्या. दुसरा लॉट आला तो रेश्माने एकटीने केला, मला काही न विचारता. चूक कबूल करणारं लेखी पत्रही मी दिलं, नितीनला दाखवून. तो म्हणाला, "तुम्ही ऐकणार नाहीच." मेंदूच्या डॉक्टरांकडे सर जाऊन आले, कारण अनघाताईंना वेळ फुकट घालवायची नव्हती. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, परत यायची गरज नाही. पुस्तकाचं काम निम्म्यावर आलंय. न कळलेल्या द्विपदी त्यात घ्यायच्या की नाही यावर सर आणि प्रकाशक अजून भांडतायत.

आमच्या ऑर्डर फॉर्मवर आता एक रकाना वाढलाय. कोरी पानं ठेवायची का? दहातले नऊ जण 'नको' असं लिहितात. तरी आम्ही फोन करून एकदा विचारतो. लोक वैतागतात, एवढ्याशा गोष्टीसाठी फोन कशाला म्हणतात. वैतागू देत.