लोटा किती वर होता

लोट्याची कड आपल्या बोटांपासून किती वर आहे, हे तुम्हाला कोणी शिकवलं? कोणीच नाही. तुमचे दोन डोळे मिळून ते सांगतात. माझे सांगत नाहीत.

धर्मांतरानंतरची ती पहिली कापूसवेचणी. घाटंजीजवळच्या एका शेतात मी आईबरोबर वेचायला जायचे. दुपारी शेतमालकीण आम्हाला पाणी द्यायची, पण वरून, ओंजळीत, लोटा हाताला लागू न देता. माझी ओंजळ कधी पुढे जायची, कधी मागे. त्या दिवशी मी ती उचलली आणि बोटं सरळ लोट्याला भिडली.

"मुद्दाम शिवली," मालकीण म्हणाली. "नवा धरम हेच शिकवते काय तुमाले? उद्यापासून येऊ नका, मायलेकी दोघीबी."

त्या हंगामात आईला दुसरं काम मिळण्यासारखं नव्हतं. तरी संध्याकाळी वस्तीत माझं कौतुक झालं. "बरी जिरवली व तिची," शेजारची काकू म्हणाली. वस्तीत आलेली पत्रकं मोठ्यानं वाचून दाखवणारी मुलगी मी. मला ते गोड लागलं. मी नाही म्हटलं नाही.

आईनं चुलीपुढे बसवून विचारलं, "खरं सांग. मुद्दाम केलं?"

"नाही. लोटा आणखी वर हाय असं वाटलं मले."

तिला स्वतःचं काहीतरी आठवलं. मागे तिच्या एका डोळ्यात काडी गेली होती. पट्टी होती तितके दिवस तिचाही हात भांड्याच्या अलीकडेच पडायचा. तिनं माझ्या हातात ज्वारीचे दोन धांडे दिले, टोकाला टोक लाव म्हणाली. मी चुकले. एक डोळा झाकला, तरी तितकीच चुकले. मग तिनं स्वतः करून पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी तिला जमलं, एकानं हुकलं.

"दोन डोये असून तुले एकाचंच दिसते व माय," ती म्हणाली. "अन् मी तुले धांदरट म्हणत होती."

सकाळी ती मला घेऊन शेतावर गेली. "पोरीले अंतर समजत नाही, बाई. तिनं मुद्दाम नाही केलं." मला राग आला. माझा कालचा पराक्रम ती सगळ्यांदेखत काढून घेत होती. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "अन् वरून पाणी आमी आता पेत नाही. आमची घागर आमी आणली हाय." घागर तिच्या डोक्यावरच होती.

मालकीण कधी घागरीकडे, कधी फुटून लोंबणाऱ्या कापसाकडे पाहत राहिली. "ठेव तिकडे, झाडाखाली," शेवटी म्हणाली. "पाणी वतायचे माह्ये हात तरी वाचले."

बोंडाला हात घालण्याआधी मान जरा डावी-उजवी हलव, जवळचं जास्त हललेलं दिसते, हे आईनं त्याच दिवशी शोधून मला शिकवलं. बोंडाच्या टोकदार सालींवर माझी बोटं सोलवटायची थांबली. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले. केलं नाही ते केलं म्हणून त्यात कधी लिहिलं नाही, आणि करायचं ते सोडलंही नाही. दोन्ही तिचंच देणं.

तुमच्या घरात कुणाच्या हातून सारखं सांडत असेल, तर आज त्याला जवळ बसवून विचारा, तुला कसं दिसतं. आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.