धुऱ्यावरची चाल

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षांत माझ्या शेजारून कधी चालून दाखवलं नाही. कायम दहा पावलं पुढे. सदर बाजारात कापड घ्यायला जा, कुणाच्या लग्नाला जा, मला दिसायची ती त्यांची पाठ, तीही डाव्या खांद्याकडे कललेली. वळण आलं की मात्र थांबायचे. मागे बघायचे नाहीत. समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभे राहायचे आणि माझी पावलं जवळ आली की पुन्हा चालू. एकच पाटी माणूस किती वेळा वाचेल, असं मला वाटायचं.

"जरा हळू चाला ना. मी का तुमच्या मागं धावत येऊ?" मी म्हणायची.

"तुही चप्पल वाजून राहिली ना वं. मले समजते, तू आहे मांगं."

ते पारशिवनीकडचे. तिकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि धुऱ्यावर एका वेळी एकच माणूस मावतो. पुढचा काठी आपटत साप-विंचू बघतो आणि मागच्याला कानाने सांभाळतो. वळून बघायला गेला तर पाय घसरून थेट चिखलात. हे त्यांनी लग्नानंतर मला नीट समजावून सांगितलं होतं. मी शहरात वाढलेली. मी म्हटलं, इथे डांबरी रस्त्यावर कुठला आलाय धुरा? त्यावर ते हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा पावलं पुढे.

शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायला लागला आणि ते माझ्या शेजारून चालू लागले. बत्तीस वर्षं भांडून जे मागितलं ते मिळालं, आणि मला ते अजिबात नको होतं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. ते परत यावेत असं काही मी मागत नाही, तेवढी अक्कल मला आहे. एकदा फक्त त्यांची पाठ पुढे चालताना दिसावी, एवढंच वाटत राहतं.

आमच्या मुलीने मैत्रिणीबरोबर सदरमध्ये व्हीआर खेळांचं दुकान काढलंय. तिथे चालायची दोन यंत्रं आहेत. मोठ्या परातीसारखा खोलगट चौथरा, कमरेभोवती कडं, पायात गुळगुळीत तळाचे बूट आणि डोळ्यांवर हेडसेट. कुठल्याही दिशेला चाला, पाय घसरत परातीच्या मधेच येतो. डोळ्यांपुढची वाट मात्र सरकत जाते. घाम गाळायचा आणि पोचायचं कुठेच नाही, असला हा कारभार.

एका दुपारी दुकान रिकामं होतं, तेव्हा तिने मला त्यावर चढवलं. "पाय उचलू नको, नुसता सरकव," म्हणाली. झाडांमधली एक पायवाट समोर आली. जमलं मला. पण पहिल्या वळणावर मी थांबले. दुसऱ्या वळणावरही थांबले.

"आई, थांबून काहून राहिली? मशीन अटकली का?"

मशीनला काही झालं नव्हतं. वळणावर कुणी उभं नसलं तर पुढे कसं जायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बाबा नाही ना पुढं."

ती शेजारच्या यंत्रावर चढल्याचा आवाज आला. खांद्याला, कमरेला हालचाल टिपणारे पट्टे बांधून घेत ती म्हणाली, "मी चालते तुह्या पुढं. थांब."

माझ्या वाटेवर एक उंच माणूस उगवला. यंत्राने तिला ते शरीर दिलं होतं. पोरीचा मागमूसही त्यात दिसू नये असं. ती चालायला लागली तसा तो चालायला लागला, आणि त्याचा डावा खांदा खाली झुकला. पोरगी बापासारखी चालते हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. रोज तिच्या चेहऱ्याकडेच बघत आले होते मी.

मी मागे निघाले. हेडसेटच्या आत डोळे भरले, पुसता येईनात. वळण आलं. तो थांबला. मागे वळला नाही.

"आई, तू आहे ना मांगं?" मुलीचा आवाज आला. "आवाजच येऊन नाही राहिला तुह्या पायाचा."

त्या गुळगुळीत बुटांना कसला आवाज येणार. मग मी हात खाली नेला आणि कमरेच्या कड्यावर तळव्याने थापा मारू लागले. फट, फट, फट. माझ्या चपलांच्या चालीने.

पुढचा माणूस क्षणभर तसाच उभा राहिला. मग मागे न बघता चालू लागला. मी त्याच्या मागे दहा पावलांवर, थाप चुकू न देता.