धुतलेली बरणी

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो आणि वाचकांची क्षमा मागतो. पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात ती माणसं मोठी असतात, लिहिणारेही जाणते असतात. खैरूनचाची ही इंदापुरात आमच्या शेजारी राहणारी, पाव भाजून विकणारी बाई. मी तिच्या नात्याचा नाही आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे काही लिहिलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण तिला जाऊन दीड महिना झाला, आणि एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. ती सांगायला मला दुसरी जागा सापडत नाही…

ती गेल्याचं कार्ड पुण्याला वसतिगृहात आलं तेव्हा मी तासाला निघालो होतो. तिचे जावई रमजानभाई यांनी बारामतीहून लिहिलं होतं, ‘अम्मी गुरुवारी सकाळी गेली. तुमची आठवण काढत होती.’ मी कार्ड वहीत ठेवलं आणि वर्गात जाऊन बसलो. सरांनी हजेरी घेताना माझं नाव दोनदा पुकारलं, असं शेजारचा मुलगा नंतर म्हणाला. मला ऐकू आलं नव्हतं.

चाचीचे यजमान होते तेव्हा ते पाव फुगवायला पिठात शिंदी घालत. शिंदी म्हणजे ताडीसारखाच झाडाचा रस, आंबला की पिठाला उठवतो. मग दारूबंदी आली आणि शिंदी मिळेनाशी झाली. चाचा डोक्याला हात लावून बसले. चाची म्हणाली, “माजी आई शिंदीचा थेंब न घालता रोट्या फुगवायची. गप बसा.” तिनं चिनी मातीच्या बरणीत कणीक, कोमट पाणी आणि बोटभर दही कालवून ठेवलं. रोज त्यातलं निम्मं काढायचं आणि तेवढीच ताजी कणीक घालायची. नऊ-दहा दिवसांनी बरणीच्या तोंडावरचं फडकं फुगून वर आलं. याला ती खमीर म्हणे. त्याचा पाव जाड सालीचा, किंचित आंबूस निघायचा, चहात बुडवला तरी विरघळायचा नाही. पुढं चाचा गेले, पण खमीर राहिलं आणि त्याच्या जोरावर तिचं घर चाललं.

दही लावायला विरजण मात्र ती आमच्याकडून नेई. एकदा वाटी हातात घेऊन ती आईला म्हणाली, “वैनी, तुमचं इरजण आमच्या घरात चालतंय, आन् आमचा पाव तुमच्या घरात चालंना व्हय?” आई म्हणाली, “मला चालंल, पर आधी माज्या सासूला इचारा.” “तिला काय इचारायचं? तिला दात तरी हायेत का?” दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. त्याच दिवशी चुलीपाशी आमच्याकडं पाठ करून आईनं पहिला तुकडा खाल्ला. मी सुट्टीत घरी गेलो की चाची दारातूनच हाक मारी, “या कालेजराव! बुकात खमिराचं काय लिवलंय?” मी सांगितलं की त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ती म्हणाली, “मग जीव हाय म्हण की. जीवाला येळंवर खायाला लागतं. एवढं कळाया पुण्याला जावं लागतं व्हय रं?”

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिच्या घराची मागची भिंत भट्टीवर कोसळली. मुलगी जैनब बारामतीला दिलेली होती. चाचीला तिच्याकडं जावं लागलं. लेकीच्या घरचं अन्न तिच्या घशाखाली उतरेना. जावई भला माणूस, “अम्मी, पोटभर खा की,” म्हणून मागं लागायचा, पण ती अर्ध्या भाकरीवर उठायची. शेवटी त्यानंच जुन्या विटा आणून परसात भट्टी बांधायला घेतली, तेव्हा कुठं तिच्या तोंडावर हसू आलं म्हणतात. पाव विकायचा आणि आपलं आपण खायचं, एवढंच तिला हवं होतं. खमिराची बरणी ती जाताना माझ्या आईकडं ठेवून गेली होती. आईनं महिनाभर रोज कणीक घालून ते सांभाळलं. दिवाळीच्या सुट्टीत निरोप आला, ‘भट्टी वाळली. बरणी पाठवा, सगळं पाठवा.’ आणि बरणी पोचवायचं काम माझ्याकडं आलं.

एस.टी.त मी बरणी मांडीवर घेऊन बसलो होतो. ऊन चढलं तसं खमीर फडक्याला आतून ढकलू लागलं, आंबूस वास सुटला. समोरचे एक पटकेवाले आबा वाकून म्हणाले, “काय रं पोरा, पयल्या धारेची हाय का?” सगळी हसली. मी म्हणालो, “पावाचं खमीर आहे.” मागून एकजण म्हणाला, “दारूबंदीच्या पोलिसाला सांग त्ये. म्होरं तपासणी चाललीय. काल एकाला मडक्यासकट खाली उतारला.” हातभट्टीसाठी आंबवलेल्या रसायनाला असाच वास येतो, असंही कुणी म्हणालं. थट्टाच होती ती बहुधा… पण माझी फी माफ आहे, ती वर्तणुकीच्या दाखल्यावर. पोलिसात नाव गेलं तर कॉलेज संपलं, एवढंच मला दिसत होतं. लासुर्ण्याला गाडी पाण्यासाठी थांबली. मी उतरलो, बाभळीआड गेलो आणि बरणी उपडी केली. खमीर सावकाश खाली आलं, जड, बुडबुडे फुटत. वास राहू नये म्हणून मी बरणी कालव्याच्या पाण्यात आतून-बाहेरून घासून धुतली. तिथून बारामतीपर्यंत एकही पोलीस दिसला नाही.

चाचीनं बरणी दोन्ही हातांत घेतली आणि तिला वजनावरूनच कळलं. मी म्हणालो, “धक्क्यानं कलंडली, चाची. सगळं सांडलं.” तिनं फडकं काढलं, आत हात घातला, कडेवरून नख फिरवलं, नख नाकाशी नेलं. “सांडलं तरी कडंला ऱ्हातं रं… बोटभर चिकटलेलं ऱ्हातं. तेवढ्यावर परत धरलं आसतं मी. धुतलीस कशाला?” ती माझ्याकडं पाहत राहिली. मग तिनं पदरानं बरणी पुसली, जणू ओली होती, आणि म्हणाली, “आसू दे. तुज्या आईला सांगू नगं सांडलं म्हणून. म्हयनाभर सांबाळलं बिचारीनं, तिला वाईट वाटंल.” माझ्या मनावरचा दगड उतरल्यासारखं झालं, हेही लिहिलं पाहिजे. घरी आल्यावर आईनं विचारलं, “पोचलं का रं?” मी म्हणालो, “पोचलं.”

चाचीनं नव्यानं खमीर धरायला घेतलं. थंडी पडली होती. पहिलं पीठ निळसर पडलं. दुसऱ्याला घाण सुटली. तिसऱ्या वेळी ती बरणी गोधडीत गुंडाळून पोटाशी घेऊन निजू लागली. रमजानभाईंची कार्डं येत, ‘अम्मीचं पीठ उठत नाही. जेवत नाही. म्हणते, उठलं की जेवीन.’ मी प्रत्येक कार्डाला उत्तर दिलं. काळजी घ्या, असं लिहिलं. खरं काय ते लिहायला रोज बसायचो, शाई वाळायची, उठायचो. मग खोकला छातीत उतरला… त्यानंतरचं कार्ड मी वर सांगितलं आहे.

मी बारामतीला गेलो तेव्हा भट्टी तशीच होती, आतून कोरी, धुराचा डागही नसलेली. तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. जैनबनं मला चहा दिला आणि बरणी दाखवली. ती म्हणाली, “शेवटी शेवटी रोज हुंगायची. म्हणायची, कालव्याचा वास येतो.” म्हणजे खमीर कलंडलं नव्हतं, हे तिला कळलं होतं. कधी कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. जैनबसमोर माझं तोंड उघडलं नाही. हा लेख कुणीतरी तिला वाचून दाखवील, अशी माझी आशा आहे आणि भीतीही तीच आहे.

हे सगळं एवढ्यावर संपेल असं मला वाटत होतं. परवा आईचं कार्ड आलं. तिला लिहिता येत नाही. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी ती बोलली तसंच उतरवून घेतलं आहे. ‘चाची गेली. लई वाईट झालं. तुला एक सांगायचं ऱ्हायलं. तिनं सगळं पाठवा म्हणून सांगितलं व्हतं, पर भांडं पुरतं रिकामं करून द्यायला माजा हात धजला न्हाय. इरजणासारकं मूठभर मागं ठेवलं. चोरी वाटली, म्हणून तुला बोलले न्हाय. आन् तू पोचलं म्हणालास, म्हणून तिला कळवलं न्हाय. रोज कणीक घालते. आज सकाळी फडकं उचलून वर आलं व्हतं. तिच्या लेकीला पायजे का, तेवढं इचार.’